बुधवारचं पातेलं

आमच्या माणमध्ये रात्रीचं जेवण काय करायचं हे स्वयंपाकघरात ठरत नाही, ते हिंजवडीच्या शिवाजी चौकात ठरतं. संध्याकाळी चौक वाहता असेल तर पोळी-भाजी, वरण-भात. वाकडच्या पुलावरूनच पुढच्या गाड्यांचे लाल दिवे दिसायला लागले तर पिठलं-भात. आणि भूमकर चौकात गाडी बंद करून शेजारच्या दुचाकीवाल्याचं गाव, तालुका आणि पाहुणे विचारण्याची वेळ आली, तर त्या रात्री एका भांड्यात जे होईल ते. मुरलेला माणूस गाडीच्या काचेतूनच ताटाचा अंदाज बांधतो.

तसं पाहिलं तर माण म्हणजे भाताचं गाव. मुळशी तालुका आंबेमोहोर आणि इंद्रायणीसाठी नावाजलेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं आणि तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचताना माणच्या शिवारात शिरलं. आता भोईरवाडीकडे जाताना एका हाताला खाचर लागतं आणि दुसऱ्या हाताला ढगात डोकं घातलेल्या इमारती. या इमारतींतली निम्मी माणसं रोज सकाळी शहराकडे निघतात आणि शहरातली तेवढीच माणसं नोकरीसाठी माणकडे येतात. दोघांनी घरांची अदलाबदल केली असती तर रस्ता मोकळा झाला असता, पण शाळेचे प्रवेश आणि गृहकर्जाचे हप्ते यांची अदलाबदल होत नाही. आमच्या गावाहून शिवाजीनगरला जाणाऱ्या 23 किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी 2018 च्या डिसेंबरात झाली. पुढे तिचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्या खांबांच्या सावलीत थांबून थांबून मी पाककृती वाचायला लागलो. माझं पाकशास्त्राचं शिक्षण सगळं दुसऱ्या गिअरमध्ये झालेलं आहे.

बायकोचं ऑफिस घरापासून दोन चौक अलीकडे, पण तिच्या कामाचा अमेरिकेशी संबंध असल्यामुळे तिचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो. कानाला हेडफोन लावून ती आतल्या खोलीत गेली, की आठवड्यातल्या काही रात्री ओटा माझ्या ताब्यात येतो. तिथे पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की मराठी ताट हा पूर्णवेळ उद्योग आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, त्यावर तूप. वाचायला छान वाटतं. पण या नकाशामागे कुकर, त्याचे डबे, कढई, तवा, परात, पोळपाट, लाटणं, फोडणीचं कढलं, किसणी आणि किमान चार वाट्या उभ्या असतात. सगळी मंडळी जेवून हात धुते आणि ही फौज सिंकमध्ये येऊन बसते.

आता कुकर तरी एका भांड्याचा म्हणावा, तर त्याचंही तसं नाही. बाहेरून एकच, पण आत डाळीचा डबा वेगळा, भाताचा वेगळा, वर बटाटे वेगळे. एकाच वाफेवर शिजायचं, पण एकमेकांना शिवायचं नाही. आपल्या समाजाचा स्वभाव ज्याला थोडक्यात समजून घ्यायचा असेल, त्याने मराठी घरातल्या कुकरचं झाकण उघडून पाहावं.

त्यात माणची म्हणून एक अडचण आहे. इथल्या कित्येक सोसायट्यांचं पाणी टँकरने येतं. ज्या पाण्याने आपण कढई घासतो ते आधी ट्रॅफिकमधून आलेलं असतं, मग पंपाने मजले चढलेलं असतं. इतका प्रवास करून आलेल्या पाण्याला तेलकट तवा दाखवणं जिवावर येतं. भांडी घासणाऱ्या मावशी येणार सकाळी. त्या काही बोलत नाहीत. सिंककडे बघतात, मग आपल्याकडे बघतात आणि नळ सोडतात. त्या नजरेतून सुटण्यासाठी पुरुषाने स्वयंपाकात केलेल्या शोधांमध्ये 'एका पातेल्यातला पास्ता' हा माझ्या मते सर्वात मोठा आहे.

शोध अर्थात माझा नाही. 2013 मध्ये मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंच्या मासिकात एका पॅनमधल्या पास्त्याची कृती आली. पास्ता, टोमॅटो, कांदा, लसूण, पाणी सगळं कच्चंच एकत्र टाकायचं आणि उकळायचं. त्यानंतर जगभर या एका भांड्याची साथ आली. आपल्याकडे मात्र तिची लस आधीच टोचलेली होती. 1983 मध्ये मॅगी आली आणि वसतिगृहातल्या पोरांनी ती एका पातेल्यात शिजवून, त्याच पातेल्यातून खाऊन, तेच पातेलं आंघोळीच्या पाण्यालाही वापरून दाखवलं. माणमधल्या पीजींमध्ये ही परंपरा अजून जिवंत आहे.

माझं पातेलं त्याहून थोडं संसारी. त्यात सॉसेज असतं. आणि मराठी घरात सॉसेज आलं की पहिला प्रश्न 'कसं करायचं' हा नसतो, 'कोणत्या वारी करायचं' हा असतो. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. रविवार मोकळा, पण त्या दिवशी मटणाचा हक्क अबाधित आहे, शिवाय रविवारी घाई कसली? राहता राहिले बुधवार आणि शुक्रवार. पैकी शुक्रवारी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंची संतोषी माता असते. 1975 च्या त्या सिनेमापासून महाराष्ट्रात शुक्रवारी आंबट खाण्यावर जी बंदी आली ती त्यांनी उठवलेली नाही. माझ्या पातेल्यात टोमॅटोही असतो आणि व्हिनेगरही. त्याचा वास जिन्यातून त्यांच्या उपासापर्यंत पोचावा, हे शेजारधर्माला धरून नाही. म्हणून उरला बुधवार. त्यातून श्रावण वजा, एकादशी आणि संकष्टी बुधवारी आली तर तीही वजा. जे उरेल त्याला परदेशी पुस्तकांत 'कामाच्या दिवशीचं सोपं जेवण' म्हणतात.

दुसरा प्रश्न भांड्याचा. कृतीत लिहिलेलं असतं, 'एक मोठं पातेलं घ्या.' कोणतं? आमच्या घरात पातेली बरीच आहेत, पण वशाटाचं पातेलं एकच. ते बाल्कनीतल्या कपाटात, आपल्या स्वतंत्र डावासह राहतं. आई माळकरी आहे. तिचं माहेर-सासर दोन्ही जुन्नरकडचं, आणि आळंदीची वारी तिने गुडघे दुखायला लागल्यावरही सोडली नाही. ती आम्हाला खाऊ नका असं कधीच म्हणत नाही. फक्त बाल्कनीच्या कपाटाचं दार वाजलं की ती आपल्यासाठी निराळं, छोटं पातेलं गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर चढवते. त्यामुळे आमच्याकडे एका भांड्याचं जेवण दोन भांड्यांत होतं. तेराऐवजी दोन, हीही प्रगतीच आहे.

आता कृती. तिघांना 250 ग्रॅम पास्ता, नळीसारखा पेने असेल तर उत्तम. साधारण 150 ग्रॅम चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज. दोन कांदे, चाकणचे मिळाले तर जीव लावून चिरावेत. सहा-सात पाकळ्या लसूण, दोन टोमॅटो आणि 700 मिलिलिटरच्या आसपास पाणी. तेल नाही. मीठ शेवटी, तेही चव बघून, कारण चोरीसने मिठाची व्यवस्था आधीच केलेली असते. मिरची, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, व्हिनेगर सगळं त्याच्या पोटात भरलेलं असतं, म्हणून मसाल्याचा डबा उघडावाच लागत नाही. दमलेल्या माणसासाठी मसाला आणि मांस एकाच पिशवीत बांधून देणाऱ्या त्या अनाम गोंयकाराला माझा रोजचा नमस्कार आहे.

चोरीस वरचं आवरण काढून मोकळं करायचं. ते वाळवलेलं असलं तरी कच्चंच असतं, म्हणून कांदा आणि वाटीभर पाणी घालून झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं नीट शिजू द्यायचं. पाणी आटत जातं तशी चरबी सुटते आणि वर लाल तवंग येतो. त्या तवंगात लसूण, मग टोमॅटो. टोमॅटो विरघळला की पास्ता आणि उकळतं पाणी. पास्ता जेमतेम बुडाला पाहिजे. मग मध्यम आच, दहा-बारा मिनिटं, आणि मधून मधून तळापासून ढवळणं. साध्या चिकन सॉसेजचं करायचं असेल तर तेही जमतं, पण त्याच्या अंगात चरबीही नसते आणि मतही नसतं, म्हणून थोडं तेल आणि चमचाभर तिखट आपल्याला घालावं लागतं.

चोरीस मला ऑफिसातल्या मडगावच्या एका मित्रामुळे मिळतं. सुट्टीहून येताना तो ते इतक्या वेष्टनांत गुंडाळून आणतो की बसमधल्या शेजाऱ्याला ते कागदपत्रं वाटावीत, आणि वास असा की शेजाऱ्याला तसं मुळीच वाटू नये. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले आणि 1961 पर्यंत राहिले. त्यांच्या मागोमाग अमेरिकेतली मिरची आली, डुकराचं मांस भरून टिकवायची त्यांची पद्धतही आली. पण गोव्याच्या माणसाने ती आपल्या हवेप्रमाणे फिरवून घेतली. वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर, सौम्य पाप्रिकाच्या जागी लालभडक मिरची, मग ऊन आणि चुलीवरचा धूर. छोट्या मण्यांची माळ करून ती टांगून ठेवायची. पावसाळ्यात समुद्र बंद, मासळी बंद, बाजार ओला. तेव्हा ही माळ उतरवायची. या बेगमीसाठी मडगावात पावसाच्या तोंडावर पुरुमेताचं फेस्त भरतं. सुकी मासळी, मिरची, सोलं, व्हिनेगर, चोरीस, सगळी चार महिन्यांची तजवीज एका जत्रेत.

आपल्याकडे याच दिवसांत गच्चीवर वाळवणं पडायची. कुरडया, सांडगे, पापड, हातशेवया. उन्हाळ्यात राबून पावसाळ्यातल्या दमलेल्या संध्याकाळची सोय करून ठेवायची, हे शहाणपण दोन्हीकडे सारखं. आमच्या इमारतीच्या गच्चीला सुरक्षेच्या कारणास्तव कुलूप आहे, त्यामुळे पंचविसाव्या मजल्यावरचं एवढं सुंदर ऊन नुसतं वाया जातं.

पण वाळवणाचा विषय काढला की एक जागा अशी येते जिथे विनोद थोडा आवरावा लागतो. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या स्वयंपाकाची त्यात नोंद आहे आणि त्यात चान्या आहेत. चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवलेल्या. शीतकपाट नाही, रोज मांस मिळणार नाही, मिळालं तेव्हा टिकवून ठेवायचं, ही तीच गोव्याची आणि युरोपची अक्कल. पण त्याच अकलेचं फळ काचेच्या दारामागे, किमतीच्या चिठ्ठीसह मांडलं की आपण ट्रॉली थांबवून ते न्याहाळतो. आणि वस्तीतल्या दोरीवर वाळताना दिसलं की पिढ्यान्‌पिढ्या नाकाला पदर लावतो. बुधवारी पातेलं हलवताना हे आठवलं की वाटतं, आपली जीभ आपण समजतो तितकी स्वतःच्या मताने चालत नाही.

पास्त्याचं मात्र आपल्याशी कसलंच वाकडं नाही. तो ज्या ड्युरम गव्हाच्या रव्याचा करतात तो गहू आपल्याकडे बन्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेला आहे. दाणा टणक, पिवळसर. पोळीला हट्टी, रव्याला गुणी. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. 1946 मध्ये ती महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या नावाने सुरू झाली, आणि तिथे तयार झालेल्या गव्हाच्या वाणांच्या नावात अजून ती आद्याक्षरं असतात. त्यांचा एमएसीएस 4028 हा ड्युरमचा वाण आहे आणि त्यात सुमारे 14.7 टक्के प्रथिनं आहेत. ज्या खपली गव्हाची खीर आणि पुरणपोळी सांगली-कोल्हापूरकडे कौतुकाने करतात, त्याच जातीचा गहू इटलीत फार्रो म्हणून सूपात पडतो. तेव्हा पास्त्याचं पाकीट परदेशी असलं तरी त्याच्या घराण्यातले लोक आपल्या ओळखीचे निघतात. लग्न जमवायला एवढं पुरतं.

इटलीतली कर्मठ मंडळी मात्र माझ्या पातेल्याकडे पाहून मान फिरवतील. त्यांचा नियम असा की 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, पाण्याला खळखळून उकळी, मग पास्ता, मग ते पाणी काढून टाकायचं आणि सॉस वेगळा. त्या हिशेबाने माझ्या 250 ग्रॅमला अडीच लिटर पाणी उकळायचं आणि बहुतेक सगळं सिंकमध्ये ओतायचं. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे करवत नाही. आणि सावंतवाडीच्या माणसालाही नाही. बायकोचं माहेर तिथलं. तिच्याकडे भात वेळतात, पण वेळलेली पेज कोणी फेकत नाही. ती मीठ घालून वाटीत येते, सोबत सुकटाची चटणी येते, आणि ती पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान येतं. पहिल्यांदा मी पुस्तकाबरहुकूम पास्त्याचं पाणी ओतलं तेव्हा कॉल म्यूट करून ती बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, पेज ओतलीस की काय?"

खरी गंमत त्या पेजेतच आहे. गव्हातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, थोडा बाहेर सुटतो आणि पाण्याला दाट करतो. पाणी भरपूर असलं तर हा दाटपणा त्यात हरवतो. पाणी मोजकं असलं की तोच रस्सा होतो, तोच सॉस, आणि चोरीसची सुटलेली चरबी त्याच्याशी भांडण न करता मिसळून जाते. पीठ लावून घट्ट करायची गरज राहत नाही. खुद्द इटलीतही सगळे कर्मठ नाहीत. दक्षिणेकडच्या बारी शहरात कोरडी स्पॅगेटी थेट लोखंडी तव्यात टाकतात, वर टोमॅटोचं तिखट पाणी थोडं थोडं घालत ती शिजवतात आणि मुद्दाम करपवतात. खिचडीची खरवड कोणी खायची यावरून ज्या घरांत मारामाऱ्या झाल्या, त्यांना बारीचं मन लगेच कळेल.

हे सगळं ज्ञान झाल्यावर एका बुधवारी मी आईला सांगून टाकलं, की आपली हुलग्याची शेंगोळी म्हणजे एका भांड्यातला पास्ताच. जुन्नर-मावळाकडे पावसाळ्यात शेंगोळी होतात. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, मीठ घालून घट्ट मळायचं. तळहातांवर बोटाएवढ्या वळ्या वळायच्या, त्यांना वेढे द्यायचे. लसणाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात त्या सोडायच्या. त्यांच्याच पिठाने रस्सा दाटतो. पीठ, पाणी, फोडणी, एक पातेलं. माझं प्रमेय बिनतोड होतं. आईने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, शेंगोळं हातावर वळावं लागतं. तू पाकीट फाडलंस."

यावर उत्तर नव्हतं. सगळ्या एक-भांडी पाककृतींनी लपवून ठेवलेली गोष्ट तिने पाकिटाएवढ्या वाक्यात बाहेर काढली होती. भांडं एक असलं तरी काम एक नसतं. चोरीसमधलं काम गोव्यात कोणीतरी उन्हात बसून केलेलं असतं, पास्त्यातलं काम यंत्राने केलेलं असतं, आणि शेंगोळ्यातलं काम आमच्या घरात तिने केलेलं असायचं, दुपारी, आम्ही शाळेत असताना. वळून ठेवलेल्या वेढ्यांचं ताट फडक्याखाली असायचं. संध्याकाळी आम्ही यायचो तेव्हा फक्त पातेलं चढायचं, म्हणून आम्हाला ते सोपं वाटायचं.

पण तिचं वाक्य मनात घोळत राहिलं तेव्हा त्या शेंगोळ्यांची दुसरी एक बाजू दिसायला लागली. एरवीच्या रात्री आई आमच्याबरोबर जेवत नसे. मराठी घरात पोळी गरम हवी असते, आणि पोळी गरम हवी तर कोणीतरी तव्यापाशी उभं राहायला लागतं. वडील बसायचे, आम्ही भावंडं बसायचो, पाहुणा असला तर पाहुणा बसायचा. आई लाटायची, भाजायची, फुगलेली पोळी ताटात टाकायची आणि 'अजून एक घे' म्हणायची. आमचं उरकलं की तव्यावरच्या शेवटच्या, थोड्या कडक झालेल्या दोन पोळ्या आणि कढईत उरलेली भाजी घेऊन ती ओट्याशेजारी बसायची. यात कोणी कोणावर जुलूम करत होतं असं कोणालाच वाटत नव्हतं, तिलाही नाही. घरोघरी असंच होतं आणि बरंचसं अजून आहे. 'गरमगरम वाढणं' या आपल्या लाडक्या कल्पनेत वाढणाऱ्याचं जेवण गार होतं, हे कोणत्याच सुगरणीच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

शेंगोळ्यांच्या रात्री मात्र तवा चढत नसे. चकोल्यांच्या रात्रीही नाही, वरणफळांच्या रात्रीही नाही, मुगाच्या खिचडीच्या रात्री तर नाहीच. पातेलं उतरलं की ते मध्ये यायचं, त्याभोवती सगळे बसायचे आणि त्या सगळ्यांत आई असायची. तिचा घास आमच्या घासाइतकाच गरम असायचा. लहानपणी आम्हाला शेंगोळी आवडायची याचं श्रेय मी आजवर हुलग्याला देत आलो. त्यातला काही वाटा बसण्याच्या व्यवस्थेला द्यायला हवा.

एका भांड्याच्या जेवणाची जी जाहिरात होते, ती भांडी वाचण्याची आणि वेळ वाचण्याची. भांडी वाचतात, मावशींची नजर निवळते, टँकरचं पाणी चार बादल्यांनी कमी लागतं, हे सगळं खरं. पण भात लावून वरण-भात-लोणचं केलं तरी वेळ वाचतोच की! एका पातेल्याने जे खरंखुरं वाचतं ते उभं राहणारं माणूस. गॅस बंद झाला की स्वयंपाक संपला. मागून काही यायचं नाही, आतून काही आणायचं नाही, कोणाला 'तू बस, मी देते' म्हणायची सोय नाही. आणि पास्त्याचा स्वभाव असा की तो थांबत नाही. पाच मिनिटं उशीर केला की सगळा रस्सा पिऊन फुगतो आणि दहा मिनिटांनी त्याचा लगदा होतो. पोळी तुमच्यासाठी पुन्हा गरम होते, पास्ता होत नाही. त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी यावं लागतं. अमेरिकेला पंधरा मिनिटं थांबवावं लागतं, मुलीला अभ्यास सोडावा लागतो (त्याची तिला खंत नसते), आणि आईला तिचं छोटं पातेलं घेऊन टेबलाशी यावं लागतं.

त्या छोट्या पातेल्यात पुष्कळदा मुगाची खिचडी असते, पावसाळ्यात कधी शेंगोळी असतात. तिने आमच्या पातेल्याकडे एकदा पाहायचं, आम्ही तिच्या पातेल्यातलं मागायचं, असा आमचा बुधवार चालतो. मुलगी दोन्हीकडचं खाते. तिला शेंगोळ्यावर चीज किसून हवं असतं आणि आजी तिला ते किसून देते. माळकरी माणूस चीजला दूध मानतं, ही सवलत कोणत्या ग्रंथात आहे हे मी विचारलेलं नाही.

मी पोळीच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट केलेलं बरं, नाहीतर पुण्यात राहणं कठीण होईल. गरम, फुगलेली, तुपाची पोळी हा या जगातला एक मोठा आनंद आहे, आणि सॉसेज-पास्त्याने तिची जागा घ्यावी असं सॉसेजलाही वाटत नसेल. आठवड्यातल्या बाकीच्या रात्री आमच्याकडे पोळ्याच होतात. फक्त त्या रात्रींसाठी मी घरात एक छोटी दुरुस्ती सुचवून ठेवली आहे, की तव्यावरून उतरलेली पहिली पोळी लाटणाऱ्याने खावी, मग बाकीच्यांना वाढावी. बायकोचा या दुरुस्तीला पाठिंबा आहे, मुलीचा काही संबंध नाही, आणि कडाडून विरोध आहे तो आईचा. ती म्हणते, लाटणाऱ्याचं पोट वासानेच भरतं. आयुष्यभर हे वाक्य ऐकलं आणि कधी शंका आली नाही. पण दर बुधवारी ती आपल्या पातेल्यातली खिचडी गरम गरम खाते, दुसऱ्यांदा वाढून घेते आणि वर पापड मागते, तेव्हा वासाने कोणाचं किती पोट भरत होतं, ते समोरच दिसतं.